पानी कमी शे रे भो

धुळे
९ नोव्हेंबर २०२५

प्रशील बेटा,
खूप दुआ.

तू फोन उचलत नाहीस. मी करते, झैदची बहीण अफिफा नंदुरबारहून करते, तो वाजून वाजून बंद होतो. म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं, ते उचलावं लागत नाही, दाराखालून आत येऊन पडतं. माझं मराठी शाळेतलं सातवीपर्यंतचं लिहिणं आहे. चुका दिसल्या तर पोटात घाल.

माझ्या लेकाला, झैदला जाऊन साडेपाच महिने झाले. त्याचं सामान तू एसटी पार्सलनं पाठवलंस, स्वतः आला नाहीस. बरं, ते असू दे. गोणीत कपडे होते, चाकूंची गुंडाळी होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा दांडा होता. दीड वीत लांब, डोक्यावर आकड्यांची खिडकी. मला वाटलं पाणी तापवायचा रॉड असेल. आता थंडी पडायला लागली, तर मी तो झैदच्या अब्बांच्या आंघोळीच्या बादलीत लावला. दांडा गुणगुणत पाणी फिरवत राहिला. आकडा हळूहळू चढला आणि सत्तरवर जाऊन थांबला. पाणी उकळेना आणि गारही होईना. खालच्या बाजूला चोवीस तास असं आलं आणि त्यातलं एकेक मिनिट कमी व्हायला लागलं. मी यातलं काहीही दाबलं नव्हतं. बेटा, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मी प्लग काढून टाकला.

मग आठवलं. एप्रिलमध्ये तो आला होता तेव्हा अब्बांच्या पायाशी बसून म्हणाला होता, "अब्बा, मशीन घेतलंय. चोवीस तासांत असं मटण करीन की दात लागणार नाहीत. पण बोटी ती बोटीच राहील, लगदा नाही." तुला माहीतच आहे, तंबाखूनं अब्बांचा जबडा अर्धा नेला. ऑपरेशनला दोन वर्षं झाली. दात काढलेत, तोंड दोन बोटं उघडतं. दूधपाव, पातळ वरण, नाहीतर मिक्सरमधून काढलेलं काहीतरी. ज्या माणसानं आयुष्यभर शुक्रवारचं मटण चुकवलं नाही त्याची ही गत. दुधाची तहान ताकावर किती दिवस भागवायची?

गेला त्या शुक्रवारी झैद तेच घेऊन येणार होता ना? मी दुपारपासून ताट मांडून ठेवलं होतं.

आता ते मला करायचं आहे. तुम्ही दोघं एका खोलीत राहिलात, एका हॉटेलात राबलात, हे मशीनही दोघांनी मिळून घेतलं. तूच सांगू शकतोस. अगदी पहिल्यापासून लिही, पोरीला गॅस पेटवायला शिकवतात तसं.

त्याचा फोन माझ्याजवळ आहे. उघडायची खूण मला माहीत आहे. रोज चार्जिंगला लावते, दर महिन्याला रिचार्ज मारते. गल्लीतल्या बायका म्हणतात, बंद करून टाका आता. घरातला एक दिवा चालू राहिला तर कोणाचं काय जातं?

तुझी खाला,
कनीज

*

जळगाव
२० नोव्हेंबर २०२५

आदरणीय कनीज खाला,
सलाम आणि जयभीम.

तुमचं पत्र दाराखालूनच आलं. चार दिवस ते तसंच पडू दिलं, खोटं कशाला सांगू.

मी हॉटेल सोडलं. आता केळी पिकवायच्या गोदामात आहे. बंद खोल्यांमध्ये केळीचे क्रेट लावलेले असतात आणि बाहेर तापमानाचे आकडे. दर तासाला ते वहीत उतरवायचे, एवढंच काम. माणसांशी बोलावं लागत नाही. राहतो मात्र त्याच खोलीत. त्याची खाट तशीच आहे.

मशीनला आधीचं शेवटचं काम आठवतं. प्लग लावला की ते स्वतःहून तोच आकडा पुढे करतं, म्हणून सत्तर आणि चोवीस तास. त्यात भीतीचं काही नाही. ती सू वीदची पद्धत. नाव फ्रेंच आहे, काम साधं. मांस पाण्यात शिजवायचं, पण पाणी मांसाला लागू द्यायचं नाही, आणि ते उकळूही द्यायचं नाही. आपण कुकरच्या चार शिट्ट्या करतो तेव्हा मांस घाबरून आखडतं. इथे त्याला घाई नसते. झैद म्हणायचा, हे आजारी माणसाला सांभाळल्यासारखं आहे, नुसतं जवळ बसून राहायचं.

आता नीट वाचा.

एक उभा गंज घ्या, मोठा, खोल पातेल्यासारखा. मशीन त्याच्या कडेला चिमट्यानं बसवा. अंगावर दोन रेघा आहेत, पाणी वरच्या रेघेपर्यंत भरा. मटण पायाचं घ्या, हाडाविना, लिंबाएवढ्या बोट्या. मीठ नेहमीपेक्षा कमी. आपला काळा मसाला चालेल, तोही थोडाच, कारण पिशवीतून वास बाहेर जात नाही, सगळा मांसातच मुरतो. लसूण कच्चा घालायचा नाही. एवढ्याशा उष्णतेत लसूण शिजत नाही आणि बंद पिशवीत त्याचं विष होऊ शकतं. आधी तेलात चांगला परतून मग घाला.

पिशवी जाड, चिमटून बंद होणारी. हवा काढायचं मशीन आमच्याकडेही नव्हतं. पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून ती हळूहळू पाण्यात उतरवायची. पाणी बाहेरून दाबतं, हवा निघून जाते, प्लास्टिक मांसाला चिकटतं. शेवटचं थोडं झैद तोंडानं ओढून काढायचा. मी ओरडायचो, तो हसायचा. तुम्ही तसं करू नका. हवा राहिली तर पिशवी तरंगते आणि वरचं मांस कच्चं राहतं. तरंगली तर वर एक ताटली ठेवून दाबा.

सत्तर अंश, चोवीस तास. झालं की बोट्या काढून पुसायच्या आणि कडकडीत तव्यावर अर्धा मिनिट टाकायच्या, रंगासाठी. पिशवीतला रस फेकू नका, त्याचाच रस्सा करा.

एवढंच. आमचा गंज मी पाठवला नव्हता, तो इथेच आहे. तुम्ही दुसरा वापरा.

अब्बांना सलाम.

आपला,
प्रशील

*

धुळे
१ डिसेंबर २०२५

प्रशील बेटा,
दुआ.

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! एवढं फ्रेंच मशीन, चोवीस तासांची वीज, आणि निघालं काय, तर मटणाचं शिकरण.

तू सांगितलं तसंच सगळं केलं. मोठ्या बाजारातून जाड पिशव्या आणल्या. वाटलं, पोराच्या हिकमतीला आपलीही थोडी जोड द्यावी. म्हणून नेहमीप्रमाणे कच्ची पपई वाटून चोळली. आमच्या घरात मटणाला पपई लावायची ही सासूपासूनची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी अकराव्या तासालाच पिशवी उचलली तर आत सगळं हलायला लागलं. ताटात ओतलं, चमच्यानं पसरवता येईल असं.

मला वाटलं, असू दे, अब्बांना तर हेच सोपं. त्यांच्यापुढे वाटी ठेवली. त्यांनी एक चमचा घेतला, वाटी सरकवली आणि पाटीवर लिहिलं. ऑपरेशनपासून त्यांचे शब्द अर्धे गळतात, त्यांना त्याची लाज वाटते, म्हणून बोलत नाहीत, पाटी ठेवली आहे. लिहिलं, "दोन वर्षं हेच खातोय. मला धागा पाहिजे."

मी आत जाऊन रडले. त्यांना काय पाहिजे ते झैदला बरोबर कळलं होतं. बोटी ती बोटीच राहील, असं तो म्हणाला होता.

काय चुकलं ते सांग. आणि तू एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, त्यात स्वतःबद्दल चारच ओळी. जेवतोस कुठे?

तुझी खाला,
कनीज

*

जळगाव
६ डिसेंबर २०२५

आदरणीय खाला,
सलाम आणि जयभीम.

मी हसलो. खूप दिवसांनी. स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो.

पपईचा दोष. कुकरमध्ये पपईला अर्धा तास मिळतो, नंतर उकळीनं ती मरते. सत्तर अंशांपर्यंत चढताना तिला नेमकी हवी तशी ऊब मिळाली, आणि ती मांस खात बसली. झैदनंही पहिल्यांदा हीच चूक केली होती. तुमच्याच घरची सवय. पिशवी उघडून तो म्हणाला होता, "अम्मीला सांगू नको." आता सांगितलं.

पुढच्या वेळी पपई नको, दही नको, लिंबू नको. मीठ, मसाला, परतलेला लसूण. बाकी वेळेवर सोपवा.

आज सहा डिसेंबर. बठ्ठा, सगळा गाव मुंबईला गेला. आईचा, आक्काबाईचा, भडगावहून निरोप होता की तूही चल. मी गेलो नाही. सकाळी वस्तीत जाऊन पुतळ्यापुढे मेणबत्ती लावली आणि परत आलो. खाणावळीत जेवतो. मटण खात नाही.

आपला,
प्रशील

*

धुळे
१९ डिसेंबर २०२५

प्रशील,

हे वाचून तू मला वेडी म्हणू नकोस. तूही म्हणालास तर मग कोणाला सांगायचं?

परवा, बुधवारी, जोहरच्या नमाजानंतर दोन वाजता मशीन लावलं. पपई नाही, काही नाही. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास मी ओट्याशी भाकरी थापत होते. अब्बा बाहेरच्या खोलीत होते. आणि झैद बोलला.

स्वयंपाकघरात, माझ्या पाठीमागे. त्याचाच आवाज. तो मुद्दाम अहिराणीत बोलून चिडवायचा ना, तसाच. "पानी कमी शे रे भो! पानी कमी शे!"

मी वळले. कोणी नाही. अब्बा दारात उभे होते. त्यांना खुर्चीतून उठायला एरवी हात द्यावा लागतो. त्यांनीही ऐकलं होतं.  मग पुन्हा तेच. त्यानंतर मशीनचं गुणगुणणं थांबलं आणि घर एकदम शांत झालं.

त्याला तहान लागली आहे, बेटा. महामार्गावर, मे महिन्याच्या उन्हात, भर दुपारी पडला होता तो. कोणी पाणी पाजलं असेल का, हेच मी इतके दिवस स्वतःला विचारत होते. कोणी पाजलं नाही. आता तोच सांगतो आहे.

मी भाकरी तव्यावर टाकून कळशी उचलली. कबरस्तान इथून अर्धा कोस. आमच्यात बायका आत जात नाहीत, मी फाटकाशी उभी राहिले. राखणदारानं माझ्यादेखत कबरीवर पाणी ओतलं. माती इतकी कोरडी होती की पाणी वर थांबलंच नाही. आता फाटकाबाहेर मडकं ठेवलं आहे. रोज सकाळी मी भरते. जाणारा येणारा प्यायला की त्याचा सवाब, त्याचं पुण्य झैदला पोचेल. गुडघे दुखतात, पण दुखू देत.

परत आले तेव्हा मशीन बंदच होतं, पाणी कोमट. किती वेळ ते तसं होतं कोण जाणे, म्हणून मांस फेकून दिलं. अब्बांनी पाटी पालथी घालून ठेवली.

एक विचारते. त्याला सख्खा भाऊ नाही. मग तो "भो" कोणाला म्हणतो?

कनीज

*

जळगाव
२८ डिसेंबर २०२५

आदरणीय खाला,

मांस फेकलंत ते बरोबर केलंत. मशीन कधी थांबलं ते माहीत नसेल तर आतलं कधीच खायचं नाही.

बाकीचं लिहायला मला सहा दिवस लागले. रोज बसायचो आणि उठायचो. पण तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी कळशी घेऊन जाताय हे डोळ्यांपुढून जाईना.

तो झैद नव्हता. म्हणजे आवाज त्याचाच होता. मशीन त्याच्या फोनशी जोडलेलं आहे. फोन जवळ असला की दोघं आपोआप एकमेकांना ओळखतात. गंजातलं पाणी खालच्या रेघेच्या खाली गेलं की मशीन फोनला कळवतं आणि स्वतः बंद होतं, जळू नये म्हणून. फोनमध्ये त्या सूचनेसाठी साधी घंटी होती. झैदनं ती काढून स्वतःचा आवाज भरला होता. मार्चमध्ये. मी समोरच बसलो होतो. चार वेळा त्याला हसू फुटलं, पाचव्यांदा नीट झालं.

त्याला तहान लागलेली नाही, खाला. पाणी गंजातलं कमी झालं होतं. एवढंच आहे ते. मडकं ठेवायचं असेल तर ठेवा, पण भीतीपोटी नको.

पाणी कमी होऊ लागलं की मध्येच उकळतं पाणी घालायचं, म्हणजे आवाज येणार नाही. नाहीतर फोन दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवा.

"भो" तो सगळ्यांनाच म्हणायचा.

आपला,
प्रशील

*

धुळे
५ जानेवारी २०२६

प्रशील,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं ते सांगते. तुझ्यावर चिडले. लेकाला मी सात महिन्यांनी ऐकलं होतं, आणि तू लिहितोस की ती घंटी होती. मग अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "हसला का शेवटी? आवाजात हसू आहे." मग मी फोन शोधून शोधून ती जागा काढली आणि पुन्हा ऐकलं. आहे. शेवटच्या "शे" ला आहे. ते तुझ्यामुळे कळलं, म्हणून राग सोडला.

मडकं ठेवलंच आहे. रिक्षावाले पितात.

आता दुसरी गोष्ट. फोन बंद कर म्हणतोस, तो मी करणार नाही. उलट मी मुद्दाम पाहायचं ठरवलं. शुक्रवारी नुसतं पाणी भरून मशीन लावलं, मांस न घालता. उघडं. शनिवारी सकाळी आवाज आला. लगेच दुसऱ्यांदा लावलं, आणि या वेळी गंजावर परात पालथी घातली, मशीनपुरती जागा सोडून. चोवीस तासांत पाणी बोटभरही उतरलं नाही. आवाज आला नाही.

म्हणजे झाकण ठेवलं की पाणी जात नाही. मी चाळीस वर्षं स्वयंपाक करते, हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण माझं जाऊ दे. तू लसणाच्या विषाचं लिहिलंस, पिशवीतल्या हवेचं लिहिलंस, ताटलीनं दाबायचं लिहिलंस. मांस पुसायचंसुद्धा विसरला नाहीस. आणि गेल्या पत्रातही उकळतं पाणी घाला म्हणालास. झाकण ठेवा, हे तीन पत्रांत एकदाही नाही.

तू विसरणाऱ्यांतला नाहीस. हात थांबला असेल.

झाकणाचं का लिहिलं नाहीस, बेटा?

तुझी खाला,
कनीज

*

जळगाव
१४ जानेवारी २०२६

खाला,

झाकण ठेवायचं काम माझं होतं.

बावीस मेला, गुरुवारी दुपारी दोनला झैदनं अब्बांचं मटण लावलं. पायाचं, हाडाविना, लिंबाएवढ्या बोट्या. शुक्रवारी तीनच्या एसटीनं तो ते घेऊन धुळ्याला निघणार होता. गंज झाकायला आम्ही पातळ प्लास्टिक वापरायचो, त्याची गुंडाळी संपली होती. तो म्हणाला, तू आण. मी म्हटलं, आणतो. शुक्रवारी सकाळी त्याला हॉटेलची ऑर्डर घेऊन मोटारसायकलवर एरंडोलला जायचं होतं. माझी सुट्टी होती. जाताना दारातून म्हणाला, "भो, गंजाकडे बघ." मी म्हटलं, "मी आहे ना." तो "भो" फक्त मलाच म्हणायचा. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तो गेला आणि मीही गेलो. यावलला, संघपालच्या साखरपुड्याला. तो माझा चुलतभाऊ. वाटलं, दोन तासांत येऊ. प्लास्टिक आणलं नाही, साधी ताटली ठेवायचंही मनात आलं नाही. मे महिना होता, खोलीत बेचाळीस अंश. पाणी चार भांडी जास्त गेलं असेल.

पावणेबाराला मी मांडवात बसलो होतो. फोन वाजला. झैद. खोलीतल्या वायफायवरून मशीनची सूचना त्याला लांबही पोचायची, म्हणून मला कळलं की गंजाचंच असणार, आणि आता तो शिव्या घालणार. सगळ्यांसमोर नको, म्हणून मी फोन मांडीवर पालथा घातला. तो दोन मिनिटांनी पुन्हा थरथरला. बाजूचा कोणीतरी म्हणाला, बायको दिसते. आम्ही हसलो. तिसऱ्यांदा बाराला थरथरला. तेव्हा माझ्या हातात पानसुपारी होती.

मी उचलला असता तर म्हटलं असतं, मी यावलला आहे, शिव्या घाल, पण राहू दे, उद्या दुसरं लावू. तो एरंडोलहून नीट वेळेवर आला असता. मी उचलला नाही म्हणून तो ऑर्डर अर्धी टाकून फिरला, जोरात, कारण पाणी गेलं असतं तर अब्बांचं मटण वाया गेलं असतं. सव्वाबाराला महामार्गावर ट्रक.

मी खोलीवर आलो ते दफनानंतर, तिसऱ्या दिवशी. मशीन बंद होतं. गंजात पाणी होतं, गार. पिशवी वर तरंगत होती, खाला. फुगून. तिच्यातली हवा त्यानं स्वतः तोंडानं ओढून काढली होती, माझ्यासमोर. ती परत आली होती. मला माहीत आहे, मांस सडलं की वायू होतो. माहीत असून मी दाराबाहेर पळालो. नंतर ती पिशवी खोलीमागच्या लिंबाखाली पुरली. तीन मुठी माती टाकली, धुळ्याला टाकली होती तशीच.

तेव्हापासून फोन वाजला की मला मांडीवर थरथरल्यासारखं होतं. बंद असला तरी होतं. गोदामात कामाला असताना तर फोन घरीच असतो, तरी होतं. गंज तसाच ठेवला आहे. आपल्याकडचं जड पाणी, आतून पांढऱ्या रेघा धरल्या आहेत, एकाखाली एक, पाणी कसं कसं उतरत गेलं त्या. मी रोज त्या बघतो.

तुम्ही शिकव म्हणालात तेव्हा सगळं लिहिलं. झाकणापाशी आलो की पेन चालेना. त्यामुळे तुमचं मांस वाया गेलं आणि तुम्हाला तो आवाज ऐकावा लागला. म्हणजे मी तीच चूक दुसऱ्यांदा केली.

माफी मागायला तोंड नाही. आज संक्रांत आहे, सगळे गोड बोला म्हणताहेत. मला एवढंच बोलता आलं.

प्रशील

*

धुळे
३० जानेवारी २०२६

प्रशील बेटा,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून गॅस पेटवला आणि ते वर धरलं. कोपरा जळला. मग हातच मागे आला. आठ दिवस तुझं नाव घेतलं नाही. इतका राग मला त्या ट्रकवाल्याचाही आला नव्हता, कारण तो परका होता.

आता माझंही ऐक. मलाही तुझ्याशी लपवाछपवी करायची होती आणि मी ती केली.

झैदचा फोन उघडल्यावर पहिलं मला तेच दिसलं होतं. तुला तीन वेळा. एकही उचललेला नाही. त्याच्यानंतर काही नाही, मला नाही, अफिफाला नाही. मे महिन्यापासून मला हे माहीत आहे. तू उचलला नाहीस याचा विचार मी कमी केला. विचार एकच केला, रोज, की मरायच्या आधी माझ्या लेकाला तुला काय सांगायचं होतं? कोणी पाठीमागे लागलं होतं का? काही करून बसला होता का? छातीत दुखत होतं का? तू दफनाला आलास, माती टाकलीस आणि न बघता गेलास. फोन उचलेनास. मग ते मशीन हाती लागलं. मटण शिकायचं होतं हे खरं. पण तू लिहायला बसावंस, हेही होतं. माणूस लिहायला लागला की आज ना उद्या आतलं बाहेर येतं.

आता कळलं. पाणी घाल. एवढंच सांगायचं होतं त्याला. घाबरला नव्हता, कोणाशी वैर नव्हतं. बापाच्या जेवणाची काळजी होती आणि तुला शिव्या घालायच्या होत्या. मी खूप रडले, पण आठ महिन्यांनी पहिल्यांदा झोप लागली.

माफ केलं असं मला आज लिहिता येत नाही. खोटं लिहिणार नाही. एखाद्या दिवशी तू मला झैदच्या जागी वाटतोस, एखाद्या दिवशी नकोसा वाटतोस. पुढेही असंच होईल, तू ते सोसायचं.

पत्र अब्बांना वाचून दाखवलं. मी पाटी पुढे केली, त्यांनी ती बाजूला ठेवली. दोन वर्षांनी तोंडानं बोलले, शब्द गळत होते तरी बोलले. म्हणाले, "माझ्यासाठी फिरला." पुन्हा तेच म्हणाले. मग थांबून म्हणाले, "त्या पोरानं सगळं एकट्यानं कशाला घेतलंय? जबडा माझा होता. मलाही वाटा दे म्हणावं." आणि म्हणाले, "बोलाव त्याला."

म्हणून बोलावते. रमजानच्या आधी, सात फेब्रुवारीला, शनिवारी ये. दुपारच्या आत पोच. तुमचा तो गंज घेऊन ये. घासू नकोस, रेघा राहू देत. मटण मी पायाचं आणून ठेवते, मसाला तू लाव, पिशवी तू उतरव. दोन वाजता मशीन लावू. रात्री झैदच्या खाटेवर झोप, तिथे कोणी झोपलेलं नाही.

गंजावर मी झाकण ठेवणार नाही, आणि तूही ठेवायचं नाहीस. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तो हाक मारील. अब्बा उठणार नाहीत, मी उठणार नाही. ती हाक आमच्यासाठी नाही. उकळत्या पाण्याचा तांब्या ओट्यावर असेल, तू उठून घाल. मग अब्बा जेवतील.

तुझी खाला,
कनीज

ता. क. शनिवारी सकाळी आठ वाजता, निघालास का ते विचारायला मी फोन करीन. माझा फोन बिघडला आहे, म्हणून त्याच्याच फोनवरून करीन. नाव त्याचं दिसेल. उचल.